इंदूर : मे महिना, पेवर ब्लॉक आणि रस्त्याकडेची झाडं

चैत्रपालवी

पाऊस तोंडावर आला की आपल्याकडे रोपं लावायचा हंगाम सुरू होतो. खड्डे, फीत, फोटो, आकडे. १४ जुलै २०२४ ला रेवती रेंजच्या टेकडीवर चोवीस तासांत ११ लाखांहून जास्त रोपं लावून इंदूरने गिनीज बुकात नाव नोंदवलं, तेव्हा मलाही बरं वाटलं होतं. टेकडी हिरवी झालेली कोणाला नकोय? पण टेकडीवरच्या झाडाची सावली भंवरकुआच्या सिग्नलवर पडत नाही. उन्हात होरपळणारा माणूस भाजीच्या ठेल्यावर असतो, सिटी बसच्या थांब्यावर असतो, शाळेच्या फाटकाबाहेर पोराची वाट बघत असतो. त्याच्या डोक्यावर काय आहे, एवढंच मला विचारायचंय.

माझं म्हणणं मांडते, मग सगळ्यांनी तुटून पडा. नवीन रोपांच्या आधी उभ्या असलेल्या मोठ्या झाडांकडे बघायला हवं. आमच्या कॉलनीत मध्यंतरी फुटपाथ नवा झाला. छान दिसतो, झाडूही भराभर लागतो. पण ब्लॉक बसवणाऱ्यांनी ते थेट बुंध्याला भिडवले आणि जिथे फट राहिली तिथे सिमेंट ओतलं. पाणी मुरायला बोटभर जागा नाही. झाड अशाने लगेच मरत नाही, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. आधी शेंडा वाळतो, मग पानं बारीक यायला लागतात, मग एखाद्या वावटळीत झाड आडवं होतं आणि लोक म्हणतात, "जुनंच झालं होतं."

२०१७ पासून स्वच्छतेत आपण पहिला नंबर सोडलेला नाही, त्याचा अभिमान मलाही आहे. पण त्या नादात माती म्हणजे घाण आणि गळलेलं पान म्हणजे कचरा असं काहीतरी आपल्या डोक्यात पक्कं बसलंय.

तर बोला. कोणती झाडं, कुठल्या बाजूला, उन्हाळ्यात पाणी कोण घालणार, आणि बुंध्याजवळचे ब्लॉक काढायचे कसे?

रामबागवाला

ताई, धागा उत्तम. एक दुरुस्ती सुचवतो. सगळ्या इंदूरला एकाच मापाने मोजू नका. राजवाड्यामागच्या गल्ल्या, आडा बाजार, सराफा इथे झाड लावायला जागाच नाही आणि खरं म्हणजे तेवढी गरजही नाही. गल्ली अरुंद, दोन्हीकडे दोन-तीन मजली घरं, वर छज्जे. दुपारी एकची तासभर कळ सोडली तर ओटल्यावर कायम सावली. खरा भट्टीचा भाग नव्या इंदूरचा. सुपर कॉरिडॉरवर एकदा दुपारी स्कूटर घेऊन जा, म्हणजे रुंद रस्ता ही काय चीज आहे ते कळेल. जितका रस्ता रुंद तितकं ऊन जास्त, आणि तिथेच झाडं दुभाजकात! दुभाजकातल्या बोगनवेलीच्या सावलीत कोण चालतं?

भिया_इंदुरी

+१ रामबागकाका. दुभाजकात खजूर आणि पाम लावायची आयडिया ज्याची असेल त्याला मे महिन्यात त्या पामखाली पोहे खायला बसवा.

तर्कट

भावना समजल्या, आता थोडं थंड डोक्याने. २०२३ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात युरोपातल्या ९३ शहरांचा अभ्यास आला होता. झाडांचं छत्र (म्हणजे फांद्या-पानांखाली झाकलेली जमीन) ३० टक्क्यांपर्यंत वाढवलं तर शहरांचं तापमान सरासरी किती उतरेल? ०.४ अंश. शून्य दशांश चार! ४३ चं ४२.६ होणार असेल तर एवढा आटापिटा कशाला? घरांच्या गच्च्या पांढऱ्या करा, स्वस्तात काम होईल.

मृद्गंध

तर्कटराव, आकडा बरोबर आहे, पण अर्धाच सांगितलात. त्याच अभ्यासात असंही आहे की शहरी उष्णतेमुळे होणाऱ्या मृत्यूंपैकी साधारण एक तृतीयांश त्या ३० टक्के छत्रामुळे टळले असते. ०.४ ही अख्ख्या शहराची, दिवसरात्रीची, पूर्ण उन्हाळ्याची सरासरी आहे.

दुसरं म्हणजे तापमान मोजतात कुठे? हवामान खात्याचा पारा जमिनीपासून सव्वा-दीड मीटरवर, झडपांच्या पांढऱ्या पेटीत, सावलीत टांगलेला असतो. तुम्ही-आम्ही त्या पेटीत राहत नाही. रस्त्यावर उभ्या माणसाला हवा तापवतेच, शिवाय वरून सूर्य, खालून डांबर, बाजूने भिंत आणि गाडीचा पत्रा असा चोहीकडून मार बसतो. भर दुपारी डांबराचा पृष्ठभाग ६० अंशांच्या घरात जाऊ शकतो. झाडाखाली आलात की हवा एखाद-दोन अंशांनीच उतरलेली असते, पण तो मार थांबतो. म्हणून सावलीत गेल्यावर "हुश्श" होतं. पाऱ्याला ते हुश्श कळत नाही.

छत्राची एक गंमत. अमेरिकेतल्या मॅडिसन शहरात सायकलींना सेन्सर लावून रस्तोरस्ती तापमान मोजलं, २०१९ साली ते प्रसिद्ध झालं. एखाद्या भागावर साधारण ४० टक्क्यांपेक्षा जास्त छत्र असेल तर दिवसाचा गारवा एकदम वाढतो असं त्यात दिसलं. म्हणजे शहरभर इथे एक तिथे एक अशी झाडं टोचण्यापेक्षा एकेक गल्ली पूर्ण झाकत गेलेलं बरं. आपल्या रेसिडेन्सी भागातल्या रस्त्यांवर हेच तर जाणवतं. दोन्ही बाजूंच्या फांद्या वर मिळाल्या आहेत.

तर्कट

पटलं, निदान निम्मं तरी. मीही कागदावर हिशोब केला. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला साधारण ०.६८ युनिट विजेइतकी उष्णता लागते. झाडाने दिवसाला १०० लिटर पाणी पानांतून सोडलं (मोठं झाड, मुळाशी ओल असेल तर, त्याहून जास्तही सोडतं) तर ६८ युनिट उष्णता गेली. दीड टनाचा एसी सलग तेरा तास चालवल्यावर खोलीतून जेवढी काढेल तेवढी. शिवाय एसी ती उष्णता बाहेर गल्लीतच ओततो. आपला एप्रिल-मे कोरडा असतो, त्यामुळे हे बाष्पाचं गणित मुंबईपेक्षा इथे चांगलं जमतं.

पण अट बघा. मुळाशी ओल असेल तर. पाणी नसलं की झाड पानांची छिद्रं मिटून घेतं आणि हा एसी बंद. म्हणजे ताईंचा ब्लॉकचा मुद्दा इथे येऊन मिळतो. बुंध्याभोवती सिमेंट घालून आपण एसीची वायर कापतोय.

(गच्च्या पांढऱ्या करा हे मात्र मी मागे घेत नाही. दोन्ही करा.)

चैत्रपालवी

तर्कट, तुमच्याकडून 'पटलं' हा शब्द! स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.

पुण्यात_अडकलेला

शब-ए-मालवा म्हणून ज्या रात्रींचं कौतुक होतं त्या आता कुठे आहेत हो? लहानपणी मे महिन्यात गच्चीवर पहाटे गोधडी लागायची. परवा घरी आलो होतो तर रात्री अकरा वाजता कठड्याला हात लावला, गरम.

मृद्गंध

कठडाच दोषी आहे. काँक्रीट, डांबर, वीट दिवसभर ऊन पितात आणि रात्री हळूहळू परत करतात. रात्रीच्या उकाड्यावर झाडाचा उपाय दिवसाच करायचा असतो, भिंतीवर आणि रस्त्यावर ऊनच पडू द्यायचं नाही. रात्री झाड स्वतः फार काही गार करत नाही. उलट फारच दाट छत असलं तर खालची गरम हवा वर जायला किंचित अडतेच. तरी हिशोब फायद्याचाच.

नवलखा_ते_गीताभवन

मी दुकानदार आहे, त्यामुळे शिव्या खायची तयारी ठेवून लिहितो. झाड सगळ्यांना हवं असतं, पण दुसऱ्याच्या दुकानासमोर. माझ्या बोर्डासमोर फांदी येते. बगळे बसले की खाली उभ्या गाड्यांची काय अवस्था होते ते बोलायला नको, गिऱ्हाईक माझ्यावर डाफरतं. दोन वर्षांपूर्वी वादळात फांदी पडून शेजाऱ्याच्या कारची काच गेली, भरपाई कोणी दिली नाही. मला झाड नको असं नाही. पण ज्याच्या दारात झाड त्यानेच सगळं सोसायचं, आणि छाटायला सांगितलं तर हेलपाटे मारायचे, हे बरोबर आहे का?

रामबागवाला

शिव्या कशाला, भाऊ? खरं तेच लिहिलंत. पण फांद्या का पडतात हेही बघा. पावसाळ्याआधी तारांसाठी छाटणी होते ती एकाच बाजूची. रस्त्याकडचा अर्धा भाग सपाट, घराकडचा अर्धा तसाच. झाडाचा तोल गेला. खाली मुळं सिमेंटमध्ये, वर वजन एकीकडे. मग जूनमधल्या पहिल्या आंधीत पडणार नाही तर काय? त्यात फांदी करवतीने न कापता कुऱ्हाडीने ओरबाडलेली असते, साल खालपर्यंत सोलते, तिथून पाणी शिरतं आणि खोड कुजतं.

आणि बोर्डाचं म्हणाल तर उंच वाढणारं झाड घ्या. आठ-दहा फुटांपर्यंतच्या खालच्या फांद्या सुरुवातीपासून काढत गेलं की बोर्ड खाली, छत्र वर. अडतात ती झुडुपं.

भिया_इंदुरी

आमच्या मार्केटात उलटं आहे. झाडाखालच्या दुकानासमोर गाडी लावायला भांडणं होतात. उन्हात तापलेल्या सीटवर कोण बसणार भिया? गिऱ्हाईक आधी सावली शोधतं, मग दुकान.

वहिनीसाहेब

कोणती झाडं ते बोला ना कोणीतरी. आमच्या सोसायटीत बिल्डरने ते उंच सडपातळ अशोक लावलेत, रांगेने. पहारेकरी बिचारा सूर्याबरोबर त्यांच्याभोवती फिरत असतो.

मृद्गंध

वहिनी, तो आसुपालव. आडोशाला ठीक, सावलीला शून्य.

रस्त्याकडेचं झाड निवडताना मी एकच प्रश्न आधी विचारतो : एप्रिल-मे-जूनमध्ये त्याच्या अंगावर पानं असतात का? नर्सरीत जुलैमध्ये सगळंच हिरवं दिसतं, तिथे फसगत होते. कडुनिंब फाल्गुनात गळतो आणि चैत्रात भरून येतो, मे महिन्यात पूर्ण छत्र. मला विचाराल तर माळव्यासाठी पहिला नंबर त्याचाच. करंजही तसाच, मार्चमध्ये थोडे दिवस उघडा, मग चकचकीत पोपटी पालवी आणि घट्ट सावली. चिंच हळू वाढते, पण एकदा उभी राहिली की नातवंडांपर्यंत बघायला नको. जांभूळ सदाहरित, फक्त जूनमध्ये खालचा रस्ता जांभळा होतो आणि स्कूटरी घसरतात, म्हणून फुटपाथ रुंद असेल तिथेच. बकुळ फार सुंदर, पण धीर हवा.

याउलट पळस. फुललेला दिसतो अप्रतिम, पण ऐन मार्चमध्ये निष्पर्ण. बहावा मे महिन्यात पिवळाधम्मक, पानं नावाला. शिरीष एप्रिल उजाडला तरी नुसत्या शेंगा वाजवत उभा असतो. ही झाडं लावू नका असं नाही, बागेत लावा, तारांखाली बहावा लावा, तिथे उंच झाड चालतच नाही. गुलमोहर मला आवडतो, पण लाकूड ठिसूळ आणि मुळं उथळ, वर्दळीच्या रस्त्यावर नकोच. वड-पिंपळ चौकात, मैदानाकडेला, जिथे त्यांना हातपाय पसरता येतील तिथे. नालीला लागून लावाल तर नाली त्यांची होईल.

आणि कोनोकार्पस कोणी फुकट दिला तरी घेऊ नका. झपाट्याने वाढतो, बाराही महिने हिरवा दिसतो, म्हणून मध्यंतरी सगळीकडे त्याची लाट आली होती. शेजारच्या गुजरातने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली : परागकणांचा त्रास आणि मुळांचा पाइपलाइन-केबलना उपद्रव.

सप्तपर्णीबद्दल विचाराल म्हणून आधीच सांगतो. सावली चांगली, पण ऑक्टोबरात फुलांच्या वासाने डोकं धरणारी माणसं प्रत्येक गल्लीत असतात. सबंध रांग लावू नका.

वहिनीसाहेब

छापून फ्रिजवर लावतेय हे.

नदीकाठची

पाण्याबद्दल. आपलं पिण्याचं पाणी नर्मदेवरून येतं, जलूदहून सत्तर किलोमीटर, तेही घाट चढवून पंपाने. नळ एक दिवसाआड. ते पाणी झाडाला पाइपने सोडणं जिवावर येतं आणि यावंच. पण इंदूर २०२१ मध्ये देशातलं पहिलं 'वॉटर प्लस' शहर ठरलं, ते सांडपाणी शुद्ध करून वापरण्यासाठीच. ते शुद्ध केलेलं पाणी झाडांना चांगलं चालतं. बागांना दिलं जातंच, टँकर रस्त्याकडेच्या झाडांपर्यंत नियमाने यावा यासाठी पार्षदांच्या (नगरसेवकांच्या) मागे लागायला हवं, तेही मार्चमध्ये. मे उजाडल्यावर बोंब मारून काय उपयोग?

वहिनीसाहेब

एसीचं पाणी! आमच्या इमारतीत चार मजल्यांच्या एसींचं ठिबकणारं पाणी एका पाइपात घेऊन खालच्या करंजाच्या आळ्यात सोडलंय. ज्या दिवशी ऊन जास्त त्या दिवशी एसी जास्त, म्हणजे झाडाला पाणीही जास्त. आपोआप जमलेला हिशोब आहे.

आरओचं वाया जाणारं पाणी चालेल का?

मृद्गंध

एसीचं उत्तमच, त्यात क्षार जवळजवळ नसतात. आरओच्या पाण्यात ते साठलेले असतात. अधूनमधून चालेल, रोज तेच देऊ नका. काळ्या मातीत क्षार बसले की माती आणखी चिवट होते.

काळ्या मातीवरून आठवलं. आपली माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडते. त्या भेगांत कोवळी मुळं तुटतात. म्हणून पहिले दोन-तीन उन्हाळे आळ्यात वाळक्या पानांचं चार बोटं जाड पांघरूण ठेवायचं, फक्त खोडाला टेकू द्यायचं नाही. ताई म्हणाल्या ते पान-कचरा प्रकरण हेच. सकाळी झाडून नेतो तेच झाडाला हवं असतं. खड्डा भरताना थोडा मुरूम मिसळा, नाहीतर पावसाळ्यात खड्ड्याची टाकी होते आणि कडुनिंब त्यात बुडून मरतो. पाणी रोज तांब्याभर घालू नका, आठवड्यातून एकदा-दोनदा भरपूर, खोल जाईल असं. मुळं पाण्यामागे जातात. वरवर पाणी मिळालं की वरवरच राहतात आणि पुढे ब्लॉक उचकटतात.

तर्कट

दिशेचं राहिलं. इंदूर २२.७ उत्तर अक्षांशावर आहे, कर्कवृत्ताच्या किंचित खाली. जूनच्या पहिल्या आठवड्यात दुपारी सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो, सावली पायाखाली. म्हणजे मे-जूनच्या भर दुपारी झाडाची सावली झाडाखालीच पडणार. फुटपाथ झाकायचा तर छत्र फुटपाथच्या वर हवं, पलीकडच्या लॉनमध्ये झाड लावून भागत नाही.

तीन ते सहा सूर्य पश्चिमेला. दक्षिणोत्तर रस्ता असेल तर पश्चिमेच्या इमारती आपल्या बाजूचा फुटपाथ झाकतात, पूर्वेचा फुटपाथ भाजतो. झाडं आधी पूर्वेच्या बाजूला लावा. पूर्व-पश्चिम रस्त्यावर ऊन रस्त्याच्या लांबीने थेट आत शिरतं, इमारतींचा उपयोग नाही, तिथे दोन्हीकडे हवीत. घराचं म्हणाल तर पश्चिमेची भिंत. दुपारी तापून रात्री बेडरूम उकडवते ती हीच.

नदीकाठची

अवांतर, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश नगररचनाकाराने १९१८ मध्ये होळकर दरबाराला इंदूरबद्दल दोन खंडांचा अहवाल दिला होता. नदी, बागा, घरं, आरोग्य यांचा विचार त्यात एकत्र आहे. शंभर वर्षांपूर्वी आपल्या शहराकडे इतक्या बारकाईने पाहिलं गेलं होतं. आपण ब्लॉकचा रंग निवडण्यात गुंतलोय.

नवलखा_ते_गीताभवन

बरं, मुद्द्यावर या. माझ्या दुकानासमोरच्या कडुनिंबाला गळ्यापर्यंत सिमेंट आहे. लोखंडी जाळीही आहे, लहानपणी घातलेली. आता खोड फुगून ती सालीच्या आत गेलीय, दिवाळीच्या लायटिंगची तार पण. काढायची कशी? आणि नगर निगमने (महापालिकेने) विचारलं तर?

रामबागवाला

आम्ही आमच्या गल्लीत केलंय, सांगतो. झोनल ऑफिसला साधा अर्ज, झाडाचा फोटो जोडून : बुंध्याभोवतीचं काँक्रीट काढून आळं करू इच्छितो, रहिवाशांच्या सह्या. पोच घ्यायची. लोक घाबरतात, पण कायदा झाडाच्या बाजूने आहे. मध्यप्रदेशात शहरी भागासाठी २००१ चा वृक्ष परिरक्षण कायदा आहे, परवानगीशिवाय झाड तोडायला मनाई. आपण तर तोडतही नाही. दिल्लीत हरित लवादाने २०१३ मध्येच झाडाभोवती एक मीटर काँक्रीट नको असा आदेश दिला होता, अर्जात त्याचा उल्लेख करा, वजन पडतं.

काढताना मशीन अजिबात लावू नका. ब्रेकरच्या एका दणक्यात मूळ फाटतं. छिन्नी-हातोडीने बाहेरून आत यायचं, बुंध्यापासून हातभर अंतर राहिलं की खुरपं. आमच्या पिंपळाखाली सिमेंट निघालं तेव्हा खाली पांढरट, पावडर झालेली माती होती, गांडूळ सोडा, मुंगीही नव्हती. भोवती वीटभर उंच कड केली, नाहीतर रस्त्याचं तेलकट पाणी आत येतं. पावसाचं यावं म्हणून फुटपाथच्या उताराकडे एक फट ठेवली.

जाळी जिथे बाहेर आहे तिथे कटरने कापून काढा. सालीत रुतलेला तुकडा ओढू नका, राहू द्या, झाड त्याला गिळून टाकतं. तार मात्र कापाच, ती खोडाला आवळत जाते.

भिया_इंदुरी

भाऊ, रविवारी सकाळी सातला येऊ का तुमच्या दुकानावर? सब्बल (पहार) आहे माझ्याकडे.

रामबागवाला

सब्बल घरी ठेव. छिन्नी आण.

नवलखा_ते_गीताभवन

अर्ज आज टाकतो. पोच मिळाली की कळवतो, मग रविवार ठरवू. फुटपाथखालून टेलिफोनची केबल जाते असं वाटतंय, ती मध्ये आली तर?

रामबागवाला

तेवढा भाग सोडायचा. आळं गोलच पाहिजे असं कुठे आहे? केबलकडची बाजू बंद ठेवा, उरलेल्या तीन बाजू उघडा. खणण्याआधी पाण्याची लाइन कुठून जाते ते मात्र नळवाल्याला विचारून घ्या.

चैत्रपालवी

मी येतेय. पोती आणते, निघालेला राडा भरायला. आणि आमच्या कॉलनीतली वाळकी पानं झाडूवाल्यांना आधीच सांगून बाजूला ठेवून घेते, दोन पोती तरी निघतील. मृद्गंध, तुम्ही रविवारी इंदुरात आहात का?

मृद्गंध

शनिवारी रात्री महूहून परततोय. सातला जमणार नाही, आठला येतो.